लुइस एनरिके : कुठेही खेळलेल्या माणसाचा हट्ट

फाटकी_जर्सी :

१ ऑक्टोबर २०२५ च्या बुधवारी रात्री पॅरिस सँ-जर्मां या फ्रेंच फुटबॉल क्लबने (यापुढे पीएसजी) बार्सिलोनाला त्यांच्याच गावात २-१ हरवलं. डेम्बेले, दुए, क्वारात्स्खेलिया, मार्किन्योस चौघेही संघाबाहेर. तरी १९ वर्षांचा मायुलू बरोबरी साधतो आणि बदली आलेला गोंसालो रामोस ९० व्या मिनिटाला सामना काढून देतो. इथे पेप ग्वार्डिओलावर धागे आहेत, शाबी अलोन्सोवर आहेत, आर्तेतावर तर हाणामाऱ्या झाल्यात. पीएसजीच्या प्रशिक्षकावर, लुइस एनरिकेवर, एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. प्रशिक्षक म्हणून हा माणूस खेळाडूंकडून जे मागतो, ते सगळं त्याने स्वतः खेळताना दिलेलं आहे. म्हणून एकाच जागी उभा राहून पायात चेंडू मागणारा खेळाडू त्याला मनापासून पटत नाही. मग तो कितीही मोठा असो.

जन्म ८ मे १९७०, आस्तुरियासमधलं हिहोन. तिथल्याच स्पोर्टिंगकडून सुरुवात. १९९०-९१ च्या हंगामात लीगमध्ये १४ गोल केले आणि रेयाल माद्रिदने उचलला. गोल करणारा म्हणून घेतलेल्या या पोराला माद्रिदने पाच वर्षांत उजवा बचाव, डावा बचाव, मधली फळी, दोन्ही विंगा असं सगळीकडे फिरवलं. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं, त्या संघात ग्वार्डिओलाही होता. १९९५ च्या जानेवारीत माद्रिदने बार्सिलोनाचा ५-० फडशा पाडला त्यात एक गोल याचा होता. आणि दीडेक वर्षात करार संपल्यावर साहेब थेट बार्सिलोनात! फुकटात.

तिथे आठ वर्षं, सगळ्या स्पर्धा धरून शंभरावर गोल, दोन लीगा, शेवटी कप्तानपद. २००४ मध्ये ३४ व्या वर्षी बूट ठेवले. स्पेनसाठी ६२ सामने, १२ गोल, तीन विश्वचषक.

विश्वचषक म्हटलं की १९९४ आलंच. बोस्टनजवळ फॉक्सबरोला इटलीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. शेवटच्या काही मिनिटांत रोबेर्तो बाज्जोने इटलीला २-१ पुढे नेलं होतं. ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत पेनल्टी क्षेत्रातच माउरो तासोत्तीचं कोपर याच्या नाकावर बसलं. नाक मोडलं, रक्ताची धार, आणि पंच शांदोर पुल यांना काहीच दिसलं नाही. पेनल्टी नाही, कार्ड नाही. नंतर चित्रफीत बघून तासोत्तीवर आठ सामन्यांची बंदी घातली गेली, पण तोवर स्पेन घरी पोचला होता. पुल यांना मात्र त्याच स्पर्धेची अंतिम लढत मिळाली. रडत, रक्त पुसत, पंचाच्या मागे धावणारा तो माणूस मला आजच्या डगआउटमधल्या माणसातही दिसतो.

प्रशिक्षकपदाचा आलेख सगळ्यांना माहीत असेलच. २००८ मध्ये पेप वरच्या संघाकडे गेला तेव्हा त्याच्या जागी बार्सिलोना 'ब', मग रोमा, सेल्टा व्हिगो, बार्सिलोना, स्पेन आणि २०२३ पासून पीएसजी. दोन वेगवेगळ्या क्लबांसोबत लीग, देशाचा चषक आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही एकाच हंगामात (म्हणजे तिहेरी मुकुट) जिंकणारे प्रशिक्षक जगात दोनच, पेप आणि हा.

तर बोला.

माद्रिदिस्ता_मंग्या :

पहिला मी!

"थेट बार्सिलोनात, फुकटात" हे लिहिताना तुमची बोटं नाचली असणार. फिगो उलट दिशेने आला तर तो गद्दार, पुढे त्याच्यावर डुकराचं मुंडकं फेकलं. आणि हा गेला तर ध्येयवादी, नाही का? आमच्या बर्नाबेउ मैदानावर गोल करून बार्साचा शर्ट ताणून दाखवणारा फोटो आमच्या पिढीने विसरलेला नाही. माणूस भारी आहे हे मान्य. आवडत नाही हेही मान्य.

शाहूपुरी :

मंग्या, आमच्या कोल्हापुरात एका तालमीचा प्लेअर पुढच्या हंगामात समोरच्या तालमीकडून उतरला तर त्याला स्वतःच्या पेठेत चहा मिळत नाही. माद्रिदचं काय घेऊन बसलास.

फाटकी_जर्सी :

@मंग्या, फिगोच्या वेळी माद्रिदने विक्रमी रक्कम मोजून समोरच्याचा सगळ्यात लाडका खेळाडू पळवला होता. लुइस एनरिकेला माद्रिदच्या प्रेक्षकांनी कधी आपला मानलंच नाही, हे तो स्वतः उघड बोललाय. ज्या खेळाडूची जागा दर रविवारी बदलते त्याच्या नावाची घोषणा कोण देणार?

काटकोन :

धागा चांगला आहे, पण सिद्धांत जरा जास्तच बेतीव वाटला.

२०१५ चं काय करायचं? मेस्सी, सुआरेझ, नेमार. त्या हंगामात तिघांनी मिळून १२२ गोल केले आणि बचावाचं ओझं मागच्या सात जणांनी वाहिलं. रॅकिटिचची फुप्फुसं बाहेर आली धावून धावून. पुढे उभं राहून पायात चेंडू मागणारा एक नाही, तीन खेळाडू होते, आणि लुइस एनरिकेची सगळ्यात मोठी कमाई त्यांच्याच जिवावर. "मनापासून पटत नाही" म्हणता, मग तेव्हा मन कुठे होतं?

उलटा निष्कर्ष जास्त बरोबर वाटतो. मेस्सी मिळाला तेव्हा जिंकला. रोमात मेस्सी नव्हता, सातवा आला. स्पेनकडे मेस्सी नव्हता, मोरोक्कोने घरी पाठवलं.

रेखाटन :

काटकोन यांचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. पण २०१५ ची गोष्ट तिहेरी मुकुटापासून मागे वाचली की सोपी वाटते. ती जानेवारीपासून पुढे वाचू.

४ जानेवारी २०१५, सॅन सेबास्टियनचं अनोएता. नाताळच्या सुट्टीवरून उशिरा परतलेले मेस्सी आणि नेमार बाकावर. दुसऱ्याच मिनिटाला जोर्दी आल्बाचा स्वयंगोल, बार्सिलोना ०-१. दुसऱ्या दिवशी मुलांसाठी खुला सराव होता, मेस्सी पोट बिघडल्याचं कारण सांगून आलाच नाही. त्याच दिवशी क्रीडा संचालक झुबिझारेटाची हकालपट्टी. दोन दिवसांनी अध्यक्षांनी निवडणूक जाहीर केली. स्पेनची वर्तमानपत्रं लुइस एनरिकेचे दिवस मोजत होती. तोवर तो जवळजवळ दर सामन्यात अकरा जणांत फेरफार करत होता आणि त्याच्या मनात नेमकं काय आहे ते कोणालाच कळत नव्हतं.

त्यानंतर अकरा जण ठरले. मेस्सी उजवीकडून आत येणार, सुआरेझ मधोमध (चावल्याबद्दलची त्याची बंदी ऑक्टोबरच्या शेवटी संपली होती), नेमार डावीकडे. पाच महिन्यांनी बर्लिनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युव्हेंटसला ३-१ हरवलं.

म्हणजे तडजोड झाली, आणि ती यानेच केली. मला तर तो त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. मेस्सीसमोर आपलं खरं करायला गेलेला प्रशिक्षक टिकत नाही, हे त्याला चोवीस तासांत उमगलं. पण तडजोड केली याचा अर्थ मत बदललं असा होत नाही. पुढे ज्या ज्या ठिकाणी त्याला मेस्सी नव्हता तिथे तो पुन्हा मूळ पदावर आला. आणि पॅरिसला तर आधी घर रिकामं होऊ दिलं.

काटकोन :

"होऊ दिलं" की झालं? मेस्सी तो यायच्या आधीच गेला होता. नेमारला सौदीच्या अल-हिलालने नेलं. एम्बापे करार संपवून फुकट माद्रिदला गेला. यात त्याचं कर्तृत्व कसलं?

रेखाटन :

एम्बापे जाणार म्हटल्यावर सगळं पॅरिस छाती बडवत होतं आणि हा पत्रकार परिषदेत सांगत होता की पुढच्या हंगामात आमचा संघ आणखी चांगला असेल. लोक हसले होते. एका स्पॅनिश माहितीपट मालिकेत तो एम्बापेला समोर बसवून सांगताना दिसतो की तुला मायकल जॉर्डन आवडतो ना, तो बचाव करताना सहकाऱ्यांची मानगूट पकडायचा. तूही आधी उदाहरण घालून दे. एम्बापे ऐकून घेतो. बस, ऐकून घेतो.

माद्रिदिस्ता_मंग्या :

आमच्याकडे येऊनही ऐकूनच घेतोय 😄

इटालियन_चहा :

रोमाचा विषय एका ओळीत उडवलात, म्हणून लिहितो. त्या वर्षी मी रोमाचे जवळपास सगळे सामने पाहिले.

२०११ ची गोष्ट. नवे अमेरिकन मालक, नवा विचार, बार्सिलोनाची शाळा रोममध्ये आणायची अशी हौस. सुरुवातच युरोपा लीगच्या पात्रता फेरीत. स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाशी परतीची लढत रोममध्ये, आणि उत्तरार्धात हा रोमाचा लाडका कप्तान तोत्ती याला बाहेर काढून ओकाकाला आत आणतो. रोमा बाहेर. रोममध्ये तोत्तीला बाहेर काढणं म्हणजे काय, ते त्या आठवड्याच्या रेडिओवर ऐकायला हवं होतं.

मग फेब्रुवारीत बर्गामोला अटलांटाविरुद्ध दानिएले दे रोस्सीला संघातून वगळलं. कारण? संघाच्या बैठकीला काही मिनिटं उशिरा आला. रोमा १-४ हरली. दे रोस्सीचा नवा भलामोठा करार त्याच महिन्यात झाला होता. शेवटी सातवा क्रमांक, आणि करार शिल्लक असताना हा स्वतःहून निघून गेला.

फाटकी_जर्सी यांचा सिद्धांत मला पटतो तो यामुळेच. फक्त त्याला मी हट्ट म्हणेन, तत्त्व नाही. तत्त्व असतं तर अनोएतानंतरही तेच झालं असतं. रोममध्ये त्याच्यापाशी नियम होते, नियम पाळायला लावण्याइतकं वजन नव्हतं. पॅरिसला तो गेला तेव्हा वजन घेऊनच गेला. डेम्बेलेला ऑक्टोबर २०२४ मध्ये शिस्तीच्या कारणावरून आर्सेनलच्या सामन्याला लंडनला नेलंच नाही. पीएसजी ०-२ हरली. दे रोस्सीचीच गोष्ट आहे ती. फरक इतकाच की या वेळी क्लब त्याच्या मागे उभा राहिला आणि त्याच डेम्बेलेने पुढे तीसहून अधिक गोल केले, परवा बालोन द'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घेतला.

फाटकी_जर्सी :

चहावाले, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. वजनाचा मुद्दा मान्य.

पण मधलं सेल्टा व्हिगो राहिलं. पैसा नाही, तारे नाहीत, आदल्या हंगामात जेमतेम वाचलेला क्लब. याने नववा आणला आणि हंगामाच्या शेवटी माद्रिदला २-० हरवून त्यांच्या लीगच्या उरल्यासुरल्या आशा संपवल्या. मंग्या विसरला असेल.

माद्रिदिस्ता_मंग्या :

मंग्याला ला देसिमा (त्याच महिन्यातला माद्रिदचा दहावा युरोपियन चषक) आठवते. तो सामना आठवत नाही.

रानवाट :

फुटबॉल मला फारसा कळत नाही, पण हा माणूस आमच्या पंथातला आहे, म्हणून हजेरी लावतो.

खेळणं थांबवल्यावर बहुतेक फुटबॉलपटू पोट सोडतात. हा न्यूयॉर्क मॅरेथॉन धावला, मग आम्स्टरडॅम, आणि २००७ मध्ये फ्लॉरेन्सला तीन तासांच्या आत आला. ज्यांनी कधी ४२ किलोमीटर धावायचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा, तीन तासांच्या आत म्हणजे काय. त्याच वर्षी फ्रँकफर्टची आयर्नमॅन. २००८ मध्ये मोरोक्कोच्या वाळवंटातली, अन्न पाठीवर घेऊन सहा-सात दिवस पळायची ती शर्यत. सायकल तर अजून चालूच आहे. गेल्या महिन्यात सायकलवरून पडून गळपट्टीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि काही दिवसांत कामावर हजर.

रोज सकाळी गवतावर अनवाणी चालतो म्हणे. ते आमच्या आजोबांनाही माहीत होतं, पण त्यांना कोणी पैसे दिले नाहीत.

अबोली :

एवढे प्रतिसाद झाले आणि झानाचा उल्लेख कोणीच केला नाही.

मार्च २०१९ मध्ये स्पेनचा प्रशिक्षक असताना माल्टाच्या सामन्याआधी तो अचानक घरी निघून गेला. कारण सांगितलं नाही, आणि स्पेनच्या पत्रकारांनी, त्यांचं कौतुक करायला हवं, ते उकरलंही नाही. जूनमध्ये राजीनामा. २९ ऑगस्टला त्याची धाकटी मुलगी झाना गेली. हाडांचा कर्करोग, वय ९ वर्षं.

२०१५ ला बर्लिनच्या मैदानावर बार्सिलोनाचा मोठा झेंडा घेऊन बाबांबरोबर पळणारी, तो गवतात रोवू पाहणारी मुलगी तीच. म्युनिकमध्ये ३१ मे २०२५ ला पीएसजी चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर पॅरिसच्या प्रेक्षकांनी स्टँडभर एक भलंमोठं चित्र उलगडलं. त्यात बाप आणि पीएसजीचा झेंडा रोवणारी झाना. तो काळा टी-शर्ट घालून उभा होता, त्यावरही तेच रेखाचित्र.

तो या विषयावर बोलतो तेव्हा रडका सूर नसतो. मी स्वतःला भाग्यवान समजतो, ती आमच्याकडे नऊ वर्षं होती, असं त्याचं म्हणणं. २०२२ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्धचा सामना नेमका तिच्या वाढदिवशी आला होता. त्या दिवशी सकाळी सायकल चालवता चालवता त्याने स्वतःच ते जगाला सांगितलं. आता आईवडिलांनी मिळून तिच्या नावाने आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली आहे.

मला त्याच्या खेळाच्या पद्धतीत फार रस नाही. या माणसात आहे.

फाटकी_जर्सी :

मुद्दाम टाळलं होतं, कारण मला ते नीट लिहिता आलं नसतं. तुम्ही लिहिलंत, बरं झालं.

काटकोन :

अबोली यांच्या प्रतिसादानंतर वाद घालणं बरं वाटत नाही, पण स्पेनच्या दुसऱ्या पर्वावर बोलायला हवं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तो परतला तेव्हा त्याचाच जुना सहायक रॉबर्ट मोरेनो संघ चालवत होता आणि युरोसाठी पात्रही करून बसला होता. मोरेनोला युरोपर्यंत राहायचं होतं. याने जाहीर पत्रकार परिषदेत त्याला अप्रामाणिक ठरवलं आणि आपल्या कर्मचारीवर्गातून काढून टाकलं. बाजू कोणाची खरी ते त्या दोघांना माहीत, पण चारचौघांत असं करायला नको होतं.

मग युरो. माद्रिदचा एकही खेळाडू नाही, हे स्पेनच्या इतिहासात मोठ्या स्पर्धेसाठी पहिल्यांदाच घडलं. २६ न्यायची परवानगी असताना नेले २४. तिथे उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि वेम्ब्लीवर इटलीपेक्षा चांगलं खेळून पेनल्ट्यांवर हरला, तेवढं श्रेय देतो.

पण कतार? कोस्टा रिकाला ७-० आणि पुढच्या तीन सामन्यांत एकही विजय नाही. मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास, १२० मिनिटांत गोल शून्य. पेनल्ट्या तीन, आत गेलेल्या शून्य. आणि वर्षभर आधी खेळाडूंना हजार-हजार पेनल्ट्या मारण्याचा गृहपाठ दिलाय हे हाच सांगत होता. संध्याकाळी ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर चाहत्यांशी गप्पा चालूच. त्याच्या जागी दे ला फुएन्ते आला, गाजावाजा न करता दोन विंगर मोकळे सोडले आणि २०२४ चा युरो जिंकला. हट्टाची किंमत ही अशी असते.

रेखाटन :

कतारबद्दल पूर्ण सहमत. तो संघ चेंडू ठेवायचा, पण समोरच्याला इजा करत नव्हता. पण मला वाटतं पॅरिसचा संघ त्याच पराभवातून निघालाय.

जरा मैदानावरचं बोलते. पीएसजीने सुरुवातीचा चेंडू टाकला की काय करतात पाहिलंय? व्हिटिन्या तो सरळ समोरच्यांच्या कोपऱ्याकडे बाहेर मारतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पाय घसरला. मुद्दाम आहे ते. थ्रो-इन समोरच्याचा, पण त्याच्याच गोलजवळ, एका बाजूला रेषा आणि दुसऱ्या बाजूला पीएसजीचे सात-आठ जण. चेंडू देऊन जागा विकत घ्यायची. कतारमध्ये जो माणूस चेंडू सोडायला तयार नव्हता, तोच आता सामन्याची सुरुवात चेंडू देऊन करतो.

दुसरं म्हणजे जागा. हकिमी उजवा बचाव, पण म्युनिकच्या अंतिम सामन्यातला पहिला गोल त्याचा, १२ व्या मिनिटाला, गोलच्या समोर उभं राहून. मधल्या फळीतले व्हिटिन्या, ज्वांव नेव्हेस, फाबियान सतत एकमेकांच्या जागा घेतात. डेम्बेले विंगर होता, त्याला मध्ये आणला, पण तो मध्ये थांबत नाही. खाली येतो, मागे बचावपटू ओढतो आणि त्या रिकाम्या जागेत दुए किंवा क्वारात्स्खेलिया शिरतो. इथे धागाकर्त्यांचा मुद्दा मला खरंच पटतो. माद्रिदमध्ये ज्याला सगळीकडे फिरवलं आणि ज्याला ती शिक्षा वाटली असेल, त्याने सगळ्या संघालाच तसं खेळायला लावलंय. फरक हा की इथे कोणी कुठे जायचं ते पाठ केलेलं असतं.

आणि बचाव. त्या अंतिम सामन्यात डेम्बेले इंटरच्या गोलीसमोर, सॉमरसमोर, धाव घ्यायच्या पवित्र्यात वाकून उभा असायचा, सॉमरने चेंडू कुणाकडे ढकलला रे ढकलला की सुटायचा. आघाडीचा खेळाडू. बालोन द'ओरवाला. ५-० हा त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला आजवरचा सगळ्यात मोठा फरक आहे आणि त्यात १९ वर्षांच्या दुएचे दोन.

बार्सिलोनात असताना सरावाच्या मैदानावर याने परांची उभी करून घेतली होती, वर चढून वरून बघायचा. आता काही सामन्यांत पहिला हाफ स्टँडमधून बघतो ते त्याचंच पुढचं पाऊल.

काटकोन :

हे मान्य. निदान इतकं मान्य की पॅरिसमध्ये मेस्सी नसताना जिंकला, त्यामुळे माझा पहिला प्रतिसाद अर्धा बाद. अर्धाच. कारण जानेवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-२ मागे होते तेव्हा चॅम्पियन्स लीगच्या गुणतक्त्यात पहिल्या २४ मध्येही (तेवढेच पुढे जातात) नव्हते. तो सामना ४-२ फिरला नसता तर आज आपण "रोमासारखाच पॅरिसलाही फसला" असा धागा वाचत असतो.

इटालियन_चहा :

हा बार्सिलोनात असतानाचं, २०१७ चं पीएसजीविरुद्धचं ६-१ सुद्धा तसंच ना. पॅरिसला ०-४, आणि परतीच्या लढतीत ८८ व्या मिनिटापर्यंत ३-१ च होतं. शेवटच्या सात मिनिटांत तीन गोल. आदल्या दिवशी हा म्हणाला होता की ते चार करू शकतात तर आम्ही सहा करू शकतो. पुढच्याच फेरीत युव्हेंटसने काढलं ते कोणी आठवत नाही.

गंमत म्हणजे त्या दिवशी समोरच्या बाकावर पीएसजीचा प्रशिक्षक म्हणून उनाइ एमरी होता. आणि या वर्षी पीएसजीने वाटेत एमरीच्या व्हिलाला काढलं, मग आर्तेताच्या आर्सेनलला, आणि क्लब विश्वचषकात शाबी अलोन्सोच्या माद्रिदला ४-०. तिघेही बास्क प्रदेशातल्या एकाच छोट्या गिपुझ्कोआ प्रांतातले. आस्तुरियासच्या माणसाने शेजाऱ्यांचा हिशेब चुकता केला.

म्हापशेकार :

स्पॅनिश प्रशिक्षकांचं चाललंय तर आमच्या सेर्जिओ लोबेराचं नाव घेतो. तोही बार्सिलोनाच्याच शाळेतला, तिथल्या युवा संघांवर काम केलेला, टिटो व्हिलानोव्हाच्या हाताखाली राहिलेला. एफसी गोवाला २०१७ पासून त्याने जे खेळायला लावलं, कोरो आणि एदू बेदियाचे दिवस, तसा फुटबॉल फातोर्ड्याला त्याआधी आम्ही बघितला नव्हता. हट्टही तोच, मागून खेळायचं म्हणजे मागूनच, गोलीने चेंडू घालवला तरी चालेल. २०२० मध्ये तीन साखळी सामने बाकी असताना क्लबने त्याला काढलं, साखळीत पहिला येणाऱ्याची शील्ड मात्र त्याच संघाने जिंकली. पुढच्या वर्षी त्याने मुंबई सिटीला शील्ड आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) दोन्ही मिळवून दिलं. मुंबईकरांनी आभार मानायला हरकत नाही.

माद्रिदिस्ता_मंग्या :

४-० चा उल्लेख टाळता आला असता, चहावाले.

पण मग चार दिवसांनी चेल्सीने अंतिम सामन्यात त्याच पीएसजीला ०-३ धुतलं ते पण लिहा. पहिल्या हाफमध्येच संपलं होतं सगळं. आणि नंतर तुमचा महान तत्त्वज्ञ मैदानावर जाऊन ज्वांव पेद्रोच्या गळ्याला हात लावत होता. ५५ वर्षांचा माणूस!

फाटकी_जर्सी :

ते वाईटच होतं, बाजू घेणार नाही. सामन्याबद्दल म्हणाल तर चेल्सीने त्याचंच औषध त्याला पाजलं. हकिमी आणि नुनो मेंदेस वर गेले की त्यांच्या मागची जागा मोकळी असते, तिथे लांब चेंडू टाकले. पामरचे दोन्ही गोल मेंदेसच्या बाजूने आले.

इटालियन_चहा :

माझा राग मात्र दोन्नारुम्मावरून आहे. बघा कसं आहे : २०२१ ला वेम्ब्लीवर मोराटाची पेनल्टी अडवून याच्या स्पेनला घरी पाठवणारा दोन्नारुम्मा. २०२५ च्या मार्चमध्ये अॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या दोन पेनल्ट्या अडवून याच्या पीएसजीला वाचवणारा दोन्नारुम्मा. तो नसता तर म्युनिक आलंच नसतं. आणि ऑगस्टमध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सुपर कपसाठी संघाच्या यादीतच नाव नाही! का, तर पायाने खेळता येणारा गोली हवा. शेव्हालिएला आणलं, हा मँचेस्टर सिटीला गेला.

करार वाढवण्याची बोलणी फिसकटली होती हे ठाऊक आहे. पण निर्णय माझा आहे, मला वेगळ्या धाटणीचा गोली हवाय, हे लुइस एनरिकेने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

रेखाटन :

ते आवडलं मला. दुसरा कुणी क्लबवर ढकलून मोकळा झाला असता.

इटालियन_चहा :

आवडलं ठीक आहे, बरोबर होतं का? शेव्हालिए पेनल्ट्या अडवणार आहे का मे महिन्यात?

रेखाटन :

सुपर कप पेनल्ट्यांवरच जिंकले ना. २-२ नंतर. त्यात शेव्हालिएने एक अडवलीही.

इटालियन_चहा :

टॉटनहॅमविरुद्ध. ऑगस्टमध्ये.

काटकोन :

या मुद्द्यावर मी चहावाल्यांच्या बाजूने. मार्चमध्ये बाद फेरीतला पहिला सामना पेनल्ट्यांवर गेला की धागा वर आणू.